राख न होणारी फुलं

ओल्शिनी
राखेचा बुधवार, २२ फेब्रुवारी

इवोना,

वर 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी खोटं लिहायला नको म्हणून सोडून दिलं. फोनच करणार होते. पण हल्ली तुझ्या फोनवर आधी एक मुलगी 'आजीच्या फुलांच्या दुनियेत आपलं स्वागत आहे' म्हणते, मग पियानो वाजतो, आणि मग तू म्हणतेस, "बोझेना, मी मीटिंगमध्ये आहे." पत्राला पियानो नसतो. बहीण असशील तर वाचशील, नसशील तर तुझ्या ऑफिसातली ती ऑलिव्हिया वाचेल. कुणीही वाचा.

आज सकाळी चर्चमध्ये काय झालं ते ऐक. दरवर्षीप्रमाणे फादर झेनोननी गेल्या ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या घराघरांतून परत मागवल्या आणि चर्चमागे पिंपात जाळल्या. त्यांचीच राख आज आपल्या डोक्यावर पडते, हे तुला निदान लहानपणी तरी ठाऊक होतं. आपली झावळी म्हणजे काय, तर काठी, जुनिपरची डहाळी, रानातला हिरवा पाला आणि क्रेपच्या कागदाची फुलं. काडी लावली की भडका, आणि घटकाभरात पिठासारखी राख. पण गेल्या वर्षी अर्ध्या गावाने तुझी किटं घेतली होती. 'घरच्या घरी झावळी. वेळ चाळीस मिनिटं. वय वर्षं सहा व पुढे.' चमकीच्या पाकळ्या, प्लास्टिकची पानं, रबर गुंडाळलेली तार आणि वर ट्यूबमधला गोंद.

ते जळलं नाही, इवोना. ते उकळलं. फादर म्हणजे काही टाकून देणारा माणूस नाही. त्यांनी तो काळा लगदा थंड केला, खलात कुटला, चाळला आणि 'तू माती आहेस, मातीलाच मिळशील' असं म्हणत आमच्या डोक्यांवर चिमूट चिमूट टाकला. आम्ही मातीला मिळणार की नाही ते पुढचं पुढे. पण आज सगळं ओल्शिनी चकाकत घरी गेलं. मधमाश्यांवाला हिपोलित तर टकला. त्याच्या टकलावर एक गुठळी अशी चिकटली, की मेणबत्त्यांच्या उजेडात तो नाताळच्या झाडावरच्या चेंडूसारखा दिसत होता. मागच्या बाकावरची पोरं खिदळत होती. रेजिनाने घरी नेऊन नवऱ्याचं डोकं लोण्याने चोळलं तेव्हा कुठे ते सुटलं. कडक उपवासाच्या दिवशी लोणी, आणि तेही टकलाला.

खोक्यावर नाव कुणाचं? 'आजी गेनोवेफा'. म्हणजे आपल्या आईचं. लोक मला म्हणतात, "तुझ्या आईची फुलं पेटत नाहीत." आणि आई इथे नाही, की स्वतः उत्तर देईल.

ती का नाही, ते तू सांग. जानेवारीत तू तिला मोतीबिंदूसाठी आठवड्यापुरती वॉर्साला नेलीस. डोळा झाला, पट्टी निघाली, बर्फ वितळायला लागला. आता उपवासकाळ सुरू झाला. वाडीची मोठी झावळी आपल्या स्वयंपाकघरात होते, हे तुला मी सांगायला हवं का? कोवळ्या स्प्रूसच्या झाडाचं अख्खं खोड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुलांनी मढवलेलं, पुरुषांनी मिळून उचलायचं. ती करायला बायका लागतात, आणि बायकांना आई लागते. आई फुलं फार करत नाही. ती मागून फिरते, फूल उचलते, बघते आणि उसवते. म्हणून आपली झावळी वारा आला तरी सुटत नाही.

तिला घरी पाठव. झावळ्यांच्या रविवारच्या आधी. मी दुसरं काही मागत नाही.

बोझेना

&nbsp;

ओल्शिनी
२७ फेब्रुवारी

इवोना,

तुझा मोबाइलवरचा निरोप मिळाला. 'प्रत्येक गोष्टीत वाईटच बघायचं का? ग्राहकांना चमक आवडते.' हो, वाईटच बघायचं. आईने आपल्याला तेवढं एकच शिकवलं, आणि तू तेही विसरलीस.

शिवाय तू 'रागावू नकोस' म्हणून एक किट पाठवलंस, तेही मिळालं. खोक्यावरचा फोटो मी नीट बघितला. आधी वाटलं, माझेच डोळे गेले. इवोना, तू आपल्या आईच्या डोक्यावर कुमारिकेचा मुकुट ठेवलास? काळ्या मखमलीचा, फितींचा, तो उंच मुकुट आपल्याकडे लग्न न झालेली पोर घालते, आणि लग्नाच्या रात्री तो कायमचा उतरवतात. हे आपल्या गावात शेळ्यांनाही माहीत आहे. दोन मुलींची आई, ऐंशी पार केलेली, नवऱ्याला पुरून आलेली बाई, आणि डोक्यावर कुमारिकेचा मुकुट. खाली तर पलीकडच्या प्रांताचा रेघारेघांचा घागरा. तुझ्या त्या फोटोवाल्याला काय, जे रंगीत दिसलं ते चढवलं. पण तू तर इथे जन्मलीस.

आज ग्रामपंचायतीत माझ्या खिडकीसमोर हिपोलित उभा. तोंड अगदी गंभीर.

"बोझेना, एक दाखला हवा होता."

"कसला?"

"गेनोवेफाच्या अविवाहितपणाचा. खोक्यावर बघितलं. म्हटलं, चौकशी करावी."

"तुझी बायको जिवंत आहे, काका."

"म्हणून तर घाई नाही."

मागची रांग हसली. मी त्याला पाणीपट्टीच्या खिडकीकडे पाठवलं.

पण त्याहून वाईट ते नाही. रेजिनाने मला तुझा व्हिडिओ दाखवला. आई टेबलाशी बसली आहे, समोर चमकीचं एक फूल आहे, आणि आई म्हणते, "छान. खूप छान झालंय." आणि खाली अक्षरं येतात, 'तुम्हालाही जमेल!'

मी तो पुन्हा पुन्हा बघितला. आई 'छान' म्हणाली. इवोना, माझ्या लग्नाच्या केककडे बघून ती 'चालेल' म्हणाली होती. माझा मुलगा झाला तेव्हा दाईच्या हातून त्याला घेतलं आणि म्हणाली, "कान मोठे आहेत." इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून फुलं वळते. तिच्या तोंडून आलेला सर्वात गोड शब्द 'हं' हा आहे, आणि तोही सर्दी झाली असेल म्हणून. आणि कुठल्या अनोळखी माणसांच्या गोंदाच्या फुलांना 'खूप छान'? काय दिलंस तिला? औषधाबिषधात काही घातलंस का?

तिला घरी पाठव.

बोझेना

&nbsp;

ओल्शिनी
८ मार्च

इवोना,

आज महिला दिन. सरपंचांनी ऑफिसात प्रत्येकीला एक ट्युलिप दिलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, आणि तेवढ्यावर वर्षभराचा हिशेब मिटवला. त्याच टपालात तुझं जाडजूड पाकीट आलं. वर फुलाचं चिन्ह, आत गुळगुळीत कागद. मला वाटलं, आईने चिठ्ठी लिहिली असेल. निघाला 'सहयोगाचा प्रस्ताव'. मी 'विभागीय समन्वयक' व्हावं. 'स्थानिक परंपरेचा आवाज' म्हणून. इवोना, माझा आवाज तुला पुरेसा ऐकू येत नाही का? थांब, आणखी मोठ्याने लिहिते.

आपल्या वाडीत तुझ्या समन्वयाने काय झालंय ते सांगते. परवा मी झावळीसाठी बायका गोळा करायला निघाले. रेजिनाच्या दारातून आत गेले तर टेबलावर, खुर्च्यांवर, पलंगावर, सगळीकडे कापलेल्या पाकळ्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या, ढीगच्या ढीग. जन्मात एवढे फुलांचे रंग मी एका खोलीत पाहिले नव्हते, आणि त्यात एकही फूल नव्हतं. ती पाकळ्या पिशव्यांत भरते, वर तार ठेवते, ट्यूब ठेवते, चिकटवते आणि पेटीत टाकते. शेजारीही तेच. पलीकडेही तेच. तुझी गाडी शुक्रवारी येते आणि घेऊन जाते. बायका घरोघरी एकेकट्या बसून पिशव्या भरताहेत. आपल्या स्वयंपाकघरातला बाक रिकामा.

"रेजिना, झावळीला कधी येतेस?"

"बस ना. एवढी पाकिटं संपली की आलेच."

"ईस्टरच्या आधी संपतील?"

"कुठल्या ईस्टरच्या?" ती म्हणाली. थट्टा करत नव्हती.

मी चिडले. मी म्हटलं, तुमच्या पोरांच्या पोरांनी मोठी झावळी बघायची की नाही? तेव्हा तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"खरं सांगू? गेनोवेफा नाही, तर तुझ्या स्वयंपाकघरात येऊन काय करू? तुझं तोंड बघू?"

"माझ्या तोंडाला काय झालं?"

"तुझ्या तोंडाला काही नाही, त्यातून जे बाहेर पडतं त्याला झालंय. गेनोवेफाने फूल उसवलं की वाटतं, चला, अजून एकदा करू. तू उसवलंस की वाटतं, हिच्या डोक्यात फूल घालू."

म्हणजे बघ. तू नुसती आई नेली नाहीस. तू बायकाही नेल्यास, आणि त्यांना घराबाहेर पाऊलही टाकायला लावलं नाहीस. हे मात्र कमाल केलंस.

एक बातमी तुझ्यासाठी. फादर झेनोननी रविवारी प्रवचनात जाहीर केलं, की या झावळ्यांच्या रविवारी ते चर्चच्या दारात मेणबत्ती घेऊन उभे राहणार. प्रत्येक झावळीची एक पाकळी ज्योतीवर धरणार. राख झाली तर आशीर्वाद. वितळली तर झावळी बाहेर. "पुढच्या वर्षी मला माझ्या भक्तांचं टक्कल लोण्याने पुसायचं नाहीये," असं ते थेट म्हणाले. हिपोलित उठून वाकला.

प्रस्ताव परत पाठवते. पाठीमागची बाजू कोरी होती, त्यावर बटाट्यांचा भाव लिहिला आहे, तेवढ्याकडे दुर्लक्ष कर.

बोझेना

&nbsp;

ओल्शिनी
१७ मार्च

इवोना,

काल मी तुझ्या घरी येऊन गेले. तू पोझनानला प्रदर्शनात होतीस, हे मला माहीत होतं. म्हणूनच आले. म्हटलं, पहाटेच्या बसने जावं, आईला घ्यावं, दुपारच्या बसने परत. तिची पिशवी भरायला कितीसा वेळ लागणार? तू परत येईपर्यंत आम्ही गावात.

वॉर्सातल्या तुमच्या ब्रुद्नो वस्तीतल्या त्या सगळ्या इमारती एकसारख्या आहेत. मी दोनदा चुकीच्या जिन्याने चढले. शेवटी बरोबर दार सापडलं, ऑलिव्हियाने उघडलं. चांगली पोरगी आहे, घाबरते मात्र फार. मला बघून म्हणाली, "इवोना मॅडम नाहीत." मी म्हटलं, "त्याबद्दल देवाचे आभार मानूनच आले आहे."

आत स्वयंपाकघरात आई, आणि टेबलाभोवती तुझ्या जिन्यातल्या चार बायका. कुणी निवृत्त हिशेबनीस, कुणी नर्स. प्रत्येकीच्या हातात कागद. तुझा चमकीचा नव्हे. क्रेपचा, साधा, आईने कुठून तरी आणायला लावलेला. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. मला वाटलं, उठेल, रडेल, निदान 'आलीस?' तरी म्हणेल.

"बूट काढ," ती म्हणाली. "आत्ताच पुसलंय."

बूट काढले.

"आई, चल. तीनची बस आहे. तुझे कपडे कुठे आहेत?"

"कसली बस? ही लुत्सिना बघ. हातात काय धरलंय बघ. लुत्सिनाबाई, दाखवा हिला."

लुत्सिनाबाईंनी दाखवलं. बाई मोठ्या कंपनीत हिशेब बघायच्या म्हणे, केस एकदम व्यवस्थित.

"हे काय आहे?" आईने मला विचारलं.

"गुलाब?"

"कोबी आहे. इतके दिवस ही मला कोबी करून दाखवते." आईने दोरा सोडवला, पाकळ्या सुट्या केल्या. "पाकळीची कड अंगठ्यांनी ओढायची, बाई, हळूच. तुम्ही तिचा गळा दाबता. पुन्हा करा."

आणि लुत्सिनाबाई खूश. हसत हसत पुन्हा करायला लागल्या. त्या वयात कुणी त्यांना ओरडलं नव्हतं वाटतं. जन्मभर सगळे 'छान, मॅडम' म्हणत आले असणार.

मग मी मोबाइलवर तो व्हिडिओ लावला. मी आईला विचारलं, सगळ्यांसमोर विचारलं, कारण तो बघितल्यापासून माझ्या मनात तेच होतं. "या फुलाला तू 'खूप छान' म्हणालीस?"

आईने बघितलं. परत लाव म्हणाली. परत बघितलं.

"हे फुलाला नाही म्हणाले. इवोनाने आंबट पिठाचं सूप केलं होतं, त्याला म्हणाले. ते फूल कुठून आलं तिथे?"

ऑलिव्हियाचा चेहरा बिटासारखा लाल झाला. ती म्हणाली, "मॅडमनी सांगितलं होतं, आजींचं एक तरी चांगलं वाक्य शोध. मी सगळं चित्रीकरण बघितलं. तेवढंच सापडलं."

"आणि त्यातही मीठ कमी होतं," आई म्हणाली. "पाहुण्यांसमोर नावं कशी ठेवायची म्हणून म्हणाले होते, तू पाहुणी होतीस, बाळ." हे ऑलिव्हियाला.

मुकुटाचं विचारलं, तर म्हणाली, "कसला मुकुट? त्या खोलीत गार वारा येत होता, टोपी म्हणून दिली, मी घातली."

इवोना, मी कधी नव्हे ती हसले. तुझ्या घरात, अनवाणी, तुझ्या टेबलाशी. पण त्या व्हिडिओबद्दल तुला माफी नाही, एवढं मात्र लक्षात ठेव. तू एका जिवंत बाईच्या तोंडातलं सुपाबद्दलचं वाक्य काढून चमकीच्या फुलावर चिकटवलंस. तुला तिच्या तोंडून 'छान' हवं होतं, तर सूप चांगलं करायचं होतंस.

जाताना मी पुन्हा म्हटलं, "आई, चल ना."

"आत्ता कशी येऊ?" ती म्हणाली. "इथे पडलंय कितीतरी. या बायकांना काही म्हणजे काही येत नाही. झावळ्यांच्या रविवारी येते. शनिवारच्या बसने. बघते काय दिवे लावलेत तुम्ही."

येते म्हणाली. ती येईल, ती शब्दाची पक्की आहे. तू मध्ये पडू नकोस.

बोझेना

ता. क. तुझ्या फ्रीजमध्ये काही नव्हतं. ऑलिव्हिया उपाशी होती. मी बटाट्याचे घावन करून ठेवले. पीठ तुझं, रागावू नकोस.

&nbsp;

ओल्शिनी
२६ मार्च

इवोना,

थोडक्यात लिहिते, बोटांना टाके पडल्यासारखे दोऱ्याचे वळ आहेत.

बायका आल्या. फादरच्या मेणबत्तीने आणल्या. आपापली झावळी दारातून परत गेली तर काय तोंड दाखवायचं, म्हणून आधी घरच्यासाठी म्हणून कागद घ्यायला आल्या, मग बसल्या, मग उठल्या नाहीत. पण कशा आल्या? अंगठे विसरून. इतके महिने नुसत्या पिशव्या भरून रेजिनाला पाकळी ताणता येईना. गाठ मारायच्या ऐवजी गोंदाची ट्यूब शोधत होती. मी ट्यूब चुलीत टाकली. धूर भयंकर झाला. खिडक्या उघडाव्या लागल्या.

मी आईसारखी मागून फिरले. उचललं, बघितलं, उसवलं. पहिल्या दिवशी मला तोंडावर शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी पाठीमागे, आणि काल रेजिना म्हणाली, "तू अगदी गेनोवेफासारखी छळतेस." आणि मग सगळ्यांनी आपली फुलं मी न सांगताच उसवून बघितली. हिपोलितने रानरक्षकाला विचारून खोड आणलं आहे, सरळ, शेंडा हिरवा ठेवलेला. कोठारात सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवं पडलंय.

तू विचारतेस, की फादर झेनोन तुझ्या नव्या खोक्यावर 'पूर्ण राख होते' असा शिक्का मारून देतील का. मी विचारलं. ते म्हणाले, इवोनाला सांग, आधी स्वतः येऊन कबुलीजबाब दे, मग शिक्क्याचं बघू.

आईची खोली झाडली आहे. गादी उन्हात टाकली. तिचा तो डगला मी धुऊन ठेवला आहे. एवढं तुला का सांगते कुणास ठाऊक.

बोझेना

&nbsp;

ओल्शिनी
३ एप्रिल

इवोना,

तू फोनवर विचारलंस, कसं झालं. मी 'बरं' म्हणाले आणि ठेवला. बरं झालं नाही. आता नीट सांगते.

आई शनिवारी दुपारी आली, लुत्सिनाबाईंना घेऊन. लुत्सिनाबाईंच्या मांडीवर टोपली, टोपलीत कोबी. आईने बूटही काढले नाहीत, थेट कोठारात गेली. बायका सगळ्या भिंतीला टेकून उभ्या, शाळेत परीक्षा असल्यासारख्या. हिपोलितने टोपी काढली. झावळी घोड्यांवर आडवी, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुलंच फुलं. खाली गुलाब, मधे कार्नेशन, वर डेझी, मधून मधून जुनिपर.

आईने हातमोजे काढले. हात पाठीमागे बांधले आणि बुंध्यापासून चालायला लागली. हळू. नव्या डोळ्याने. मधे एकदा थांबली, वाकली. रेजिनाने माझा दंड असा धरला, अजून निळा आहे. आईने फुंकर मारली. कोळी होता. तो उडाला, ती पुढे गेली. शेंड्यापर्यंत गेली. दुसऱ्या बाजूने परत आली.

मी वाट बघत होते. सगळ्याच बघत होत्या. कुठलं उसवते, कुठलं खाली पडतं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं," मी म्हटलं.

"हं."

तिने हातमोजे घातले आणि जेवायला गेली. सुपात मीठ जास्त म्हणाली. त्याने मला जरा बरं वाटलं.

रात्री ती आपल्या खोलीत झोपली. गादीबद्दल काही बोलली नाही. सकाळी चर्चच्या दारात फादर मेणबत्ती घेऊन उभे होते. आमची पाकळी धरताच फुर्र. राख त्यांच्याच बाहीवर पडली आणि त्यांनी ती झटकलीही नाही, सगळ्यांना दाखवत आत गेले. लुत्सिनाबाईंनी आपल्या कोबीचीही एक पाकळी धरली, तीही जळली. जळण्यात तरी बाई पास झाल्या. पुरुषांनी झावळी उभी केली, वारा होता, एक फूल हललं नाही. पलीकडच्या वाडीची झावळी तिसऱ्या पायरीवरच विखुरली. मी तिकडे बघून हसले नाही, हे मला पुण्य म्हणून मिळायला हवं.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या आवारात आईने विचारलं, "बस कितीची?"

"कुठली बस? तुझी खोली झाडून ठेवली आहे."

"कशाला झाडलीस? मी परत जाणार होतेच. लुत्सिनाची कड अजून जाड येते. ती नर्स तर तार उलटी धरते. दोघीचौघी आणखी यायला लागल्यात, त्यांना तर कात्री धरता येत नाही."

"आणि इथे?"

"इथे काय?" ती म्हणाली. तिने झावळीकडे मान वर करून बघितलं. "इथे मी काय करू?"

हे ती भांडून नाही म्हणाली, इवोना. माझ्याकडे बघत होती. खरंच विचारत होती.

मी तिचा हात धरला. झावळी भिंतीला टेकवली होती, बुंध्याजवळची फुलं हाताच्या उंचीवर होती. मी तिला ओढत तिथे नेलं. भर आवारात, सगळ्यांसमोर. एका गुलाबावर बोट ठेवलं.

"हे बघ. हे वाकडं आहे."

तिने वाकून बघितलं.

"दोरा सैल आहे," मी म्हटलं. "मागून बघ. कड नीट ओढलेली नाही. हे माझं आहे, मीच केलं आहे. हे उसव. उसवायला हवं, आई."

तिने ते फूल बोटांत धरलं. फिरवलं. पाकळ्यांखाली नखाने चाचपलं, दोरा ओढून बघितला. बराच वेळ बघितलं. मी तुला सांगते, आयुष्यात कधी मी एवढी प्रार्थना केली नाही, चर्चच्या आतही नाही.

"नाही," ती म्हणाली. "सरळ आहे. घट्ट आहे."

आणि सोडून दिलं.

मग बस आली. हिपोलितने तिला पायरीवर चढवलं. मला वाटलं, खिडकीतून बघेल. तिने लुत्सिनाबाईंच्या टोपलीतून काहीतरी ओढून घेतलं होतं आणि डोकं खाली घालून त्याचा दोरा सोडवत होती. बस वळेपर्यंत सोडवत होती.

मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. तुझ्या चमकीवर, तुझ्या शिक्क्यावर, तुझ्या पियानोवर, सगळ्यावर, आणि हे पत्र वाचून तुला वाटत असेल की मी निवळले, तर तसं काही नाही. पण एक काम तुला सांगते, आणि ते तू करायचंस, कारण इथे ते माझ्याच्याने होणार नाही.

त्या बायकांना येऊ दे. आणखी बोलाव. क्रेपचा कागद मी इथून पाठवते. आणि लुत्सिनाबाईंना माझा निरोप दे, म्हणावं, बाई, शिकायची घाई करू नका.

बोझेना